ज्याची त्याची चिमूट

कुणाकडं लग्न ठरलं की गुरुजींना आनंद व्हायचा. तो वधूवरांसाठी नसायचा, पत्रिकेसाठी असायचा. पत्रिका हातात आली की ते आधी मागची बाजू बघत. कोरी असली तर म्हणत, "घराणं चांगलं हाय." मागंही 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापलेलं असलं की ती तिथंच टेबलावर टाकत, आणि त्या लग्नाला जात नसत.

या पत्रिका ते छापखान्यातून एका मापात कापून आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर औषधी वनस्पतींची माहिती लिहीत. एका कार्डावर एका माणसानं सांगितलेलं एक औषध. कार्ड उलटलं की अर्धा गणपती दिसायचा, नाहीतर चि. सौ. कां.च्या पुढचं तुटलेलं नाव. "सोयरीक मोडती, जाड कागद मोडत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

आमचं कार्यालय म्हणजे बीडला बसस्थानकाच्या मागं भाड्याच्या दोन खोल्या. जिल्ह्यातल्या औषधी वनस्पतींची माहिती गोळा करायची, ती एका साच्यात बसवायची आणि संगणकात भरायची, असं काम पुण्याच्या एका संस्थेनं घेतलं होतं. गुरुजी गावोगाव फिरून माहिती आणत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. मी ती माहिती संगणकात भरत असे. चाळिशी ओलांडलेला, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस.

तीन वर्षं झाली, त्यांच्याबद्दल लिहीन लिहीन म्हणतो. लिहायला बसलो की त्यांच्या एकेक तऱ्हा आठवतात, हसू येतं, आणि मग मी जे केलं तिथपर्यंत आलो की कागद बाजूला ठेवतो. मी माझी चूक त्यांच्या नावावर घातली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

संगणकाला ते 'साहेब' म्हणत. सकाळी खोलीत आले की दारातच विचारत, "साहेब उठले का?" वीज गेली की, "साहेब रजेवर." साहेबासमोर ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच कार्ड वाचून दाखवत आणि मी टाईप करून संपेपर्यंत पुढचं कार्ड बाहेर काढत नसत. पडद्यावर काय उमटलं ते मला मोठ्यानं वाचायला लावत. मी कंटाळलो की म्हणत, "लेका, चाळीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलं. आता तुझं."

त्यांच्या कार्डांच्या पेट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतल्या. त्यांवर अ, आ, इ असं काही नाही. रस्त्यांची नावं. 'मांजरसुंब्याच्या खाली', 'गेवराईकडून नदीपर्यंत', 'केजच्या पुढं उजव्या हाताला'. डब्याच्या आतली कार्डं त्या रस्त्यानं पायी जाताना माणसं ज्या क्रमानं भेटतील त्या क्रमानं लावलेली. पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, अडुळशाचं कार्ड द्या."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? अडुळसा."

"अरे, पण कुणी सांगितलेला? घाटावरच्या गुराख्याचा का नदीकाठच्या बाईचा? गुराखी पानं भाजून रस काढतो, ती बाई नुसती वाफवती. तुला कोणाचा पायजे?"

अडुळशाच्या अकरा नोंदी आणल्या होत्या त्यांनी. पुण्याच्या मॅडम दर सोमवारी पडद्यावरून बैठक घ्यायच्या. त्यांनी अकरा ओळी बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"गुरुजी, वनस्पती एकच आहे. या डुप्लिकेट नोंदी आहेत."

"त्यात दोघं जुळे भाऊ हायत मॅडम, पण डुप्लिकेट कुणी न्हाई," गुरुजी म्हणाले. मॅडम हसल्या. बाई वाईट नव्हत्या. पण सोमवार संपायच्या आत अकराची एक ओळ झाली. ते काम मीच केलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही. एक साचा करायचा म्हणजे काहीतरी कापलं जाणारच. कुठं थांबायचं हे मला कळलं नाही, तेवढंच.

छत्रीची गोष्ट सांगायला पाहिजे. गुरुजी बारमाही छत्री बाळगत आणि झाडाची उंची छत्रीनं मोजत. कार्डावर लिहीत, 'साडेतीन छत्र्या'. साच्यात सेंटिमीटर लागत. मी एके दिवशी टेप आणला, त्यांची छत्री टेबलावर आडवी ठेवून मोजली आणि सगळ्या नोंदींचा गुणाकार करून टाकला. ते खूश झाले. "झकास. आता साहेबालाबी माझी छत्री कळती." दोनेक महिन्यांनी मला टपालानं एक कार्ड आलं. ते बीडलाच होते, रोज भेटत होते, तरी टपालानं. आत लिहिलं होतं : 'जुनी छत्री एसटीत राहिली. आजपासून छत्री नवी. दोन बोटं आखूड आहे. नोंद घ्यावी.'

मी नोंद घेतली. तारखेच्या पुढच्या ओळींना नवा आकडा लावला. असं काम केलं की बरं वाटायचं. माणसाची छत्री असो नाहीतर मूठ, टेप लावला की सरळ होते, असं माझ्या मनानं घेतलं असावं.

कार्डावर लिहिण्याआधी त्यांची एक रीत होती. सांगणाऱ्यानं सांगून झालं की ते सगळं त्याला परत ऐकवत. एकदा नाही, तीनदा. "आता मी बोलतो. चुकलं की थांबव." माणूस तिसऱ्यांदा मान हलवी तेव्हा कुठं पेन उघडत. घाईतले लोक वैतागत. एक म्हातारा एकदा म्हणाला होता, "मास्तर, मी मुळी सांगायलो का कोर्टात साक्ष देयलो?" गुरुजी म्हणाले, "साक्षच हाय बाबा. फक्त कोर्ट अजून बसायचंय."

आता गयाबाईंचं.

युसूफ वडगावच्या अलीकडं एका वस्तीवर गयाबाई राहतात. घर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचं. मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जायचे आणि नातू आजीजवळ राहायचा. गयाबाईंना अक्षरओळख गुरुजींनीच करून दिलेली, पूर्वी प्रौढांचे वर्ग चालत तेव्हा. त्यामुळं त्या गुरुजींना मानत आणि गुरुजी त्यांना भीत. गुरुजी एकदा मला सोबत घेऊन गेले. पळसाच्या बियांचं औषध विचारायचं होतं, लेकरांच्या जंतावर देतात ते.

पोचलो तर गयाबाई म्हणाल्या, "आज न्हाई."

"कावून?"

"झाडाला आवतण कुठं देलंय? सांजच्याला तांदूळ-सुपारी ठिवावी लागती. मग उद्या बी घ्यायचं, मग सांगायचं. तुमी काय दुकानात आलाव का?"

मी गुरुजींकडं पाहिलं. परत जायला शेवटची गाडी होती. गुरुजींनी पिशवीतून एक सुपारी काढली आणि मला म्हणाले, "जा, ठिवून ये." मी पळसाखाली सुपारी ठेवून आलो आणि आम्ही तिथंच मुक्काम केला. गुरुजींनी नंतर मॅडमना 'आवतण' असा एक रकाना मागितला. मिळाला नाही.

सकाळी गयाबाईंनी बी फोडून, वाटून पूड केली. किती द्यायची म्हणून गुरुजींनी विचारलं तेव्हा त्यांनी नातवाला हाक मारली. तीनेक वर्षांचं पोर, नाक वाहतंय. "घे रं चिमूट." त्यानं तीन बोटांनी उचलली. त्या एवढ्याशा बोटांत जेवढी आली तेवढी.

"एवढीच," गयाबाई म्हणाल्या. "ज्याचं पोट त्याची चिमूट. मोठ्याला मोठ्याची, लेकराला लेकराची. दुसऱ्याच्या हातानं न्हाई." आणि माझ्या हाताकडं बघून हसल्या. "ह्या साहेबांची बोटं बगा. ह्येंच्या चिमटीत तर माझ्या नातवाची आठ दिसाची साखर बसंल."

आम्ही तिघंही हसलो. गुरुजींनी ते तीनदा म्हणून दाखवलं आणि मग लिहिलं. मी शेजारी बसलो होतो. ऐकत होतो. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पुढच्या वर्षी मॅडमनी सांगितलं की 'मात्रा' हा रकाना आता फक्त आकडा घेईल, ग्रॅममध्ये. शब्द टाकला की ओळ लाल व्हायची. गुरुजींनी मनापासून प्रयत्न केला. समोरच्या सोनाराकडं जाऊन त्यांनी डिंकाचे खडे, सुपारीएवढ्या मुळ्या, बोटभर साली काट्यावर तोलल्या. सोनार म्हणायचा, "गुरुजी, कवातरी सोनं आणा." ते म्हणायचे, "तुझ्या काट्याला आज पहिल्यांदा कामाची वस्तू लागली." ज्यांची वजनं निघाली त्या कार्डांवर त्यांनी कोपऱ्यात आकडे लिहून दिले. चिमटीची कार्डं मात्र त्यांनी वेगळी काढली. "हे न्हाई जमायचं. रिकामं राहू दे."

रिकाम्या ओळी पुष्कळ होत्या. त्या वर्षाचं काम संपायला आठवडा उरला होता आणि मॅडमनी बजावलं होतं की अपुऱ्या नोंदी दिसल्या तर पुढचं वर्ष मंजूर होणार नाही. गुरुजी गावी गेलेले. मी संध्याकाळी सोनाराकडं गेलो, सोबत नेलेली हळद माझ्या तीन बोटांनी त्याच्या काट्यावर सोडली. आकडा निघाला. तो आकडा इथं लिहीत नाही. परत येऊन मी साहेबाला सांगितलं, जिथं जिथं 'चिमूट' आहे तिथं हा आकडा घाल. एक बटण दाबलं. सगळ्या लाल ओळी काळ्या झाल्या. मी खाली जाऊन चहा प्यालो. फार छान लागला होता, हेही लिहितो.

त्याच साठ्यातून एक पुस्तिका छापली गेली आणि गावोगाव वाटली. प्रत्येक औषधाखाली माहिती देणाऱ्याचं नाव आणि संकलकाचं नाव. भरणाऱ्याचं नाव असत नाही.

त्या हिवाळ्यात गयाबाईंच्या नातवाला जंत झाले. आईबाप कारखान्यावर. पुस्तिका घरात होती, तिच्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं, त्या ती पोथीसारखी कपड्यात गुंडाळून ठेवत. त्यांनी वाचलं. आकडा वाचला. पूड केली, किराणा दुकानाच्या काट्यावर तेवढी तोलून आणली आणि पाच वर्षांच्या पोराला दिली. पोराला उलट्या-जुलाब सुरू झाले, ते निपचित पडलं. आधी केज, मग अंबाजोगाई. आठवडाभर दवाखान्यात होतं. वाचलं.

गुरुजी कळल्याबरोबर दवाखान्यात गेले. गयाबाई बाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी गुरुजींना जे सांगितलं ते मला गुरुजींनीच परत आल्यावर सांगितलं, शब्दाला शब्द. "मास्तर, आमी तर पोराच्याच चिमटीनं देत आलो. पण पुस्तकात आकडा हुता. खाली तुमचं नाव हुतं. मला वाटलं, मी अडाण्यानं सांगितलेलं तुमी शाण्या माणसांना इचारून दुरुस्त केलं."

चौकशीला मॅडम स्वतः बीडला आल्या. दोन खोल्यांत पाच-सात माणसं दाटीनं बसलेली, गुरुजी नेहमीसारखे दाराशी उभे. मॅडमनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

मी म्हणालो, "संकलकाच्या कार्डावरून."

गुरुजी माझ्याकडं वळले. चिडून नाही. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे.

"मी लिहिला?"

"हो गुरुजी."

"पळसाच्या कार्डावर?"

"सोनाराकडं तोलत होता तेव्हा. कोपऱ्यात."

"माझ्या हातानं?"

"हो."

त्यांनी उजवा हात वर करून पाहिला. मग म्हणाले, "असंल. वय झालं." आणि खाली गेले.

पुस्तिका परत मागवल्या. संगणकात त्यांच्या सगळ्या नोंदींपुढं 'संकलन सदोष' असा शेरा आला. तोही मीच टाकला. माझा करार पुढं चालू राहिला, नंतर पगारही वाढला.

पंधरा दिवसांनी ते आले. म्हणाले, "ते कार्ड एकदा बघू दे मला. मी काय लिहिलं ते बघतो अन् जातो. दुसरं काही न्हाई."

"डबे पुण्याला गेले, गुरुजी."

डबे माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होते. किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी विचारलं, "सगळे?" मी म्हणालो, सगळे. त्यानंतर ते कार्यालयात आले नाहीत. ते उमापूरला मुलाकडं राहायला गेले एवढं कानावर आलं.

मी पुढची तीन वर्षं त्या कपाटाकडं पाठ करून बसत होतो. कधी कधी वाटायचं की जाऊन सांगावं. मग वाटायचं, आता काय उपयोग, म्हातारे विसरलेही असतील. माणूस स्वतःला किती सोयीचं सांगू शकतो! दिवसभर नावं सरळ करायची, रकाने भरायचे, संध्याकाळी घरी जायचं. दमणूक कसली होती ते घरी कुणाला सांगता येत नव्हतं.

यंदा पुण्याहून आदेश आला की जुने कागद निकालात काढा, नवीन प्रणाली येतेय. रद्दीवाला दारात उभा असताना मी 'केजच्या पुढं उजव्या हाताला' उघडलं. पळसाचं कार्ड कुठं असेल ते शोधावं लागलं नाही. रस्ता आठवला की माणूस सापडत होता. निळ्या शाईत, त्या मोठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'तीन बोटांची चिमूट. ज्याचं पोट त्याची चिमूट. तोलू नये.' कोपरा कोरा. 'तोलू नये' खाली दोन रेघा. दुसऱ्या दिवशी मी सगळे डबे रिक्षात घातले आणि उमापूरला गेलो.

गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. वाळलेले. मी डबे आत ठेवायला गेलो. सूनबाई पाणी द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं झाली, कशावरच भरोसा न्हाई त्यांचा. भाजी आणायला गेले तर चिठ्ठी तीनदा आम्हाला वाचून दावतेत. एसटीत बसताना तीनदा पाटी वाचतेत. म्हणतेत, माझा हात गेला, डोकंबी गेलं असंल."

मी बाहेर येऊन कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी उलटं करून पाहिलं. "कुणाचं लग्न?" मग सुलटं केलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. वाचलं. परत वाचलं.

"तोलू नये," ते मोठ्यानं म्हणाले. मग आत हाक मारली, "सूनबाई, हे वाच बरं."

त्यांनी वाचलं.

"अक्षर कुणाचं?"

"तुमचंच की मामा. दुसरं कुणाचं?"

"कोपऱ्यात आकडा हाय का?"

"न्हाई."

"नीट बघ."

"न्हाई हो, कोरं हाय."

गुरुजींनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. सोनार, हळद, बटण, बैठक, कपाट. सगळं, याच क्रमानं. मी सांगत असताना त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

शिव्या दिल्या असत्या तर मला उठून जाता आलं असतं. मग ते म्हणाले, "लोक येत होते माझ्याकडं. इथंबी. कुणी हाडाचं सांगायला, कुणी काविळीचं सांगायला. मी परतवून लावत होतो. म्हणायचो, बाबा, माझ्या हाताला आता काही सांगू नको, मी लिहिलेल्यानं लेकरू मरता मरता राहिलं." ते बोटं मोजू लागले. "घाटावरचा तो हाडवैद्य. गेला. नदीकाठची ती म्हातारी, गेली. मांजरसुंब्याच्या धाब्यामागं राहायचा तो, मागच्या उन्हाळ्यात गेला. त्येंचं त्येंच्यासंगं गेलं. हे कुठं भरशील तू?"

मांडीवरचं कार्ड उचलून त्यांनी खिशात घातलं.

"गयाबाई हाय," ते म्हणाले. "उद्या जाऊ. मी बोलणार न्हाई. तू बोलायचं."

सकाळी आम्ही निघालो. बीडला गाडी बदलली. केजच्या गाडीची पाटी गुरुजींनी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचायला मान वर केली आणि मग तशीच खाली घेऊन आत चढले. मांजरसुंब्याला मी चहा आणला. त्यांनी घेतला, माझ्याकडं न बघता.

वस्तीवर गयाबाई एकट्याच होत्या. गोठ्यात शेळ्या, बाकी घर गप्प.

"मास्तर! लई दिसांनी. मी म्हणलं, रुसलाव का काय माझ्यावर."

"ह्येला काही सांगायचंय," गुरुजी म्हणाले आणि दाराजवळ उभे राहिले.

मी परत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा सांगतानाही सोपं गेलं नाही. गयाबाई शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजी मास्तरनी दुरुस्त केलं न्हवतं."

"नाही."

"शाण्या माणसांनीबी न्हाई."

"नाही. मीच. माझ्या बोटांनी."

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. तेव्हाचं हसणं त्यांना आठवलं की नाही, मला कळलं नाही. "मला सांगून काय करू मी?" त्या म्हणाल्या. "मी मास्तरला तवाबी नाव ठिवलं न्हाई. माझं काय झालं ते इचारा. दवाखान्यातून आल्यापून सून पोराला माझ्याजवळ ठिवत न्हाई. म्हणती, आत्याबाई, तुमच्या हातचं पाणीबी नको. तीन साल झाले, पोरगं त्येंच्यासंगं कारखान्यावर जातंय. पालात राहतंय. शाळा इथं, पोरगं तिथं." त्यांनी कनवटीचा मोबाईल काढला, बटणं दाबली आणि माझ्यापुढं धरला. "हे तिला सांगा. मला न्हाई."

वाजत होता. मी हातात घेतला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज, मग बाईचा. "हां, आत्याबाई?"

"मी आत्याबाई नाही," मी म्हणालो, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, कुठं काम करतो ते सांगितलं. मग पुस्तकातला तो आकडा तुमच्या सासूबाईंचा नव्हता, गुरुजींचा नव्हता, माझा होता, हे सांगितलं. त्यांनी जे सांगितलं होतं ते बरोबर होतं. तसंच दिलं असतं तर पोराला काही झालं नसतं. त्यांच्या हाताचा दोष नाही. हे वाक्य मी दोनदा म्हणालो, कारण ट्रॅक्टरचा आवाज मोठा होता आणि ऐकू गेलं की नाही कळेना.

ऐकू गेलं होतं.

"आता सांगताव?" ती म्हणाली. "तीन सालानं? पोरगं हितं मोळ्या बांधायला शिकलं, साहेब."

"हो," मी म्हणालो.

"आत्याबाईकडं द्या."

मी फोन दिला. गयाबाई तो घेऊन शेळ्यांच्या पलीकडं गेल्या. गुरुजी दाराशी होते तसेच उभे, आणि मी अंगणात. त्यांचं अर्धंच बोलणं आमच्यापर्यंत येत होतं. "हां... हां, म्हणले ते... आता त्येंचं ते बघून घेतील, तू लेकराचं बोल..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग त्या म्हणाल्या, "न्हाई गं, शाळेतलं नाव कुठं काढलंय. बाई दर साली इचारत्यात, काढू का म्हणून. मी म्हणते, काढू नका. येतंय पोरगं."

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. गयाबाईंनी फोन तसाच कानाला धरून ठेवला होता.